खेड्यावर नाश्त्याची गाडी: एक जागा धरावी की आठवडी बाजार फिरावेत?

प्रश्न: कापूसपट्टा (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावाच्या फाट्यावर एसटीचा थांबा आहे, तेथून जवळच शाळा आहे आणि कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणारी वाहने त्याच रस्त्याने जातात. घरची शेती कोरडवाहू आहे. कपाशी आणि तुरीशिवाय त्यात फारसे काही होत नाही आणि दोघा भावांचे संसार तेवढ्यावर चालणार नाहीत, हे आता स्पष्ट दिसते आहे. त्यामुळे तर्री-पोहे (लाल तवंगाचा चण्याचा रस्सा घातलेले पोहे) आणि आलुबोंड्याची हातगाडी लावण्याचे मी ठरवले आहे. नागपूरला नाश्त्याच्या एका दुकानात मी कारागीर म्हणून काम केले आहे, त्यामुळे चवीची मला धास्ती नाही. गाडी सुरू झाल्यावर ती वर्षभर कशी टिकवावी, हाच माझा खरा प्रश्न आहे.

काही जाणती माणसे म्हणतात की फाट्यावर एकच जागा धरून बसावे, म्हणजे गिऱ्हाईक बांधले जाते. दुसरीकडे, परिसरातील गावांचे आठवडी बाजार फिरणारे म्हणतात की खेड्यात रोज खाणारा माणूस नसतो, खरी विक्री बाजारालाच होते. दोघांचेही म्हणणे मला पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. शिवाय फाट्यावर आधीपासून एक गाडी आहे. ते पोह्यांची प्लेट पंधरा रुपयांना देतात, पण माझ्या हिशेबाने नीट तर्री द्यायची असेल तर वीस रुपयांखाली परवडत नाही. उधारीचा प्रश्न तर सगळ्यात अवघड आहे, कारण गावातील निम्मी माणसे नात्याची आणि उरलेली ओळखीची असतात, आणि त्यांना नाही म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने? परवाने, कर्ज आणि जागेची कागदपत्रे यांविषयीही कोणाला नेमकी माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: आर्वी नाका (जि. वर्धा)

भाऊ, आपण चवीच्या पुढचा विचार आधीच केला आहे, याचा आनंद वाटला. मी बऱ्याच वर्षांपासून हाच धंदा करतो, तोही खेड्यावरच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

खेड्यावरच्या गाडीचे सारे गणित गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा कोणत्या दिवशी येतो यावर उभे असते. शहरात नोकरदार माणूस रोज सकाळी कमीअधिक सारखाच खर्च करतो. आपल्याकडे शेतमजुरांची आठवड्याची मजुरी बहुधा बाजाराच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या संध्याकाळी चुकती होते. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये घरात येते, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे जोर धरते आणि पुढे दोन-तीन महिने गावात पैसा फिरता राहतो. मृग लागला की शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात जातो, आणि पोळ्यापर्यंत तो हात आखडूनच असतो. मजुरांना मात्र निंदणाच्या दिवसांत काम असते, त्यामुळे त्या काळात बाजारावरची विक्री फाट्यावरच्या विक्रीपेक्षा बरी टिकते. हे चक्र ध्यानात घेतले तर आपल्याला फाटा आणि बाजार यांपैकी एकच निवडण्याची गरज राहत नाही. आपल्याकडचे बहुतेक आठवडी बाजार दुपारी भरतात. फाट्यावरचे पोहे सकाळी साडेसहा ते दहा या वेळेत खपतात. तेव्हा सकाळ रोज फाट्यावर काढावी आणि आठवड्यातले दोन दिवस, सायकल-रिक्षाने किंवा छोट्या टेम्पोने गाडी नेता येईल एवढ्या अंतरावरचे दोन बाजार धरावेत. चार-पाच बाजार धरू नयेत. माणूस थकतो, भाड्यात पैसे जातात आणि फाट्यावरची सकाळ सुटायला लागते. सकाळ एकदा सुटली की एसटीचे वाहक, शिक्षक आणि दूधवाले हे रोजचे लोक दुसरीकडे वळतात.

मात्र दोन्ही ठिकाणी एकच माल चालत नाही. फाट्यावरचा माणूस उभ्याने खातो आणि पुढे जातो, त्याला गरम पोहे आणि वर तर्री हवी असते. बाजारातला माणूस स्वतः थोडे खातो आणि घरच्या लेकरांसाठी बांधून नेतो. बाजारातून रिकाम्या हाताने परतलेली आई किंवा आजी खेड्यात कोणाला आवडत नाही, म्हणून तेथे मूगभजे, मिरची भजे, आलुबोंडे यांचे पुडे खपतात. माझ्या अनुभवात बाजारातली बरीच विक्री उन्हे उतरल्यावर, लोक घरी निघताना होते. म्हणून सगळे पीठ दुपारीच भिजवून टाकू नये.

आता दराविषयी. आमच्याकडचे भाव धरून एक हिशेब मांडतो. आपण आपले भाव घालून पाहा. एक किलो जाड पोहे 55 रुपये, त्याला लागणारे तेल 22, कांदे 15, फल्लीदाणे 13, मिरची-सांभार (कोथिंबीर)-हळद-मीठ 10 रुपये. तर्रीसाठी पाव किलो काळे चणे 22, तेल 15, खोबरे आणि मसाला 20, कांदा 10 रुपये. गॅस 15 आणि द्रोण, कागद मिळून 18 रुपये. एकूण 215 रुपये झाले. एक किलो कोरड्या पोह्यांच्या भरीव प्लेट साधारण 16 निघतात, म्हणजे एका प्लेटचा खर्च साडेतेरा रुपयांच्या जवळ गेला. पंधरा रुपयांना विकली तर दीड रुपया उरतो, आणि त्यात आपली मजुरी नाही, उरलेल्या मालाची घट नाही, बाजाराची पावती नाही. वीस रुपयांना विकली तर साडेसहा रुपये उरतात आणि त्यातून घर चालवण्याचा विचार करता येतो. तेव्हा वीसच रुपये ठेवा, आणि त्यासोबत दहा रुपयांची अर्धी प्लेट मोकळेपणाने सुरू करा. शाळेतली मुले, म्हातारी माणसे आणि महिन्याच्या शेवटी हात तंग असलेला माणूस तीच घेतो. मुख्य म्हणजे ज्याच्याजवळ वीस नाहीत, त्याला उधार मागण्याची वेळ येत नाही. माझी निम्म्याहून अधिक उधारी या अर्ध्या प्लेटमुळे बंद झाली.

उरलेल्या उधारीसाठी मी एकच रीत पाळतो. ज्याची मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, त्याच माणसाला आठवडाभर लिहून देतो आणि त्याच दिवशी वही मिटवतो. मागच्या आठवड्याची बाकी असेल तर पुढचे लिहीत नाही. बाकी मागायची ती एकट्यात, चारचौघांत कधीही नाही. खेड्यात दहा लोकांसमोर पैसे मागितलेला माणूस पैसेही देत नाही आणि गाडीवरही येत नाही, आणि त्याच्यासोबत त्याचा सगळा मोहल्ला तुटतो. नात्यातल्या माणसांसाठी वडीलधाऱ्यांकडून पहिल्याच दिवशी सांगून घ्यावे की गाडीचा पैसा घराचा नाही, मालवाल्याचा आहे.

उत्तर: खारपाणपट्टा (दर्यापूर, जि. अमरावती)

वरील हिशेब अगदी बरोबर आहे. मी फक्त मालाविषयी लिहितो. कारागिरी येत असली तरी नागपूरच्या दुकानातले काम आणि उघड्या फाट्यावरचे काम यांत पाण्याचा, उन्हाचा आणि वाऱ्याचा फरक असतो.

आमच्या पूर्णा खोऱ्यात भूगर्भातले पाणी खारट आहे. त्या पाण्यात चणे रात्रभर भिजवले आणि कितीही उकळले तरी ते आतून कडकच राहतात. अनेक जण मग सोडा टाकतात, त्याने साल सुटते, रस्सा गढूळ होतो आणि तर्रीची चव जाते. आपल्या भागात पाणी इतके खारे नसले तरी काही बोअरवेलचे पाणी जड असते, म्हणून गाडी सुरू करण्याआधी घरच्या, शाळेच्या आणि फाट्यावरच्या पाण्यात मूठमूठभर चणे वेगवेगळे शिजवून पाहा. जे पाणी चणे मऊ करते तेच रोज वापरा, त्यासाठी दूर जावे लागले तरी चालेल. आम्ही चण्यांसाठी आणि पिण्यासाठी शुद्ध पाण्याचा कॅन घेतो आणि भांडी धुण्यासाठी बोअरचे पाणी ठेवतो.

तर्री करताना कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून वाटावे, मसाला मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतावा आणि मग चण्यांच्याच पाण्यात रस्सा वाढवावा. रस्सा उकळून स्थिर झाला की वरचा लाल तवंग पळीने काढून वेगळ्या गंजात (पातेल्यात) ठेवावा. असे केले नाही तर पहिल्या वीस प्लेटांना सगळी तर्री जाते आणि नऊ वाजता येणाऱ्या गिऱ्हाइकाला नुसते चण्याचे पाणी मिळते. उशिरा येणारा माणूसही तेवढेच पैसे देतो, त्याला तेवढीच लाल प्लेट मिळाली पाहिजे, याबाबत मी फार आग्रही आहे. पोहेही एकदम सगळे भिजवू नयेत. किलो-किलोने चाळणीत धुवून निथळू द्यावेत आणि आधीचे संपत आले की पुढचे फोडणीला टाकावेत. मार्चनंतरच्या कोरड्या वाऱ्यात पोहे दहा मिनिटांत चामट होतात, म्हणून परातीखाली वाफेचे पातेले आणि वर ओलसर कापड ठेवावे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा सर्वांत आधी बटाट्याचे सारण आंबते. बटाटे पहाटे उकडावेत, सारण परातीत पसरून पूर्ण निवू द्यावे आणि मगच गोळे करावेत. गरम सारण डब्यात दाबून भरले की दुपारपर्यंत त्याला वास येतो. एप्रिल-मे महिन्यांत मी आलुबोंडा फक्त सकाळी ठेवतो. दुपारच्या बाजारात भजी आणि सोबत मठ्ठा किंवा लिंबू सरबत ठेवतो, आणि उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी कधीही वापरत नाही. तेलाविषयी नियमही आहे: तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, आणि हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. गाडीवर ते मोजण्याचे यंत्र नसते, पण तेल काळपट आणि चिकट झाले, कमी आचेवरही धूर सुटू लागला, भजी टाकल्यावर फेस कढईभर पसरून लवकर बसेना, की ते तेल संपले असे समजावे. म्हणून मोठी कढई घेऊ नये. लहान कढईत तेल कमी बसते, रोजच्या रोज संपते आणि जुन्यात नवे ओतण्याची सवय लागत नाही.

प्रतिसाद: कापूसपट्टा

आपणा दोघांचे मनापासून आभार. अर्ध्या प्लेटचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. चणे तीन ठिकाणच्या पाण्यात शिजवून पाहण्याचे काम मी याच आठवड्यात करणार आहे. दोन शंका उरतात. एक म्हणजे कर्ज आणि परवाने. एका ठिकाणी मला सांगितले गेले की फेरीवाल्यांची कर्ज योजना खेड्यातल्या माणसाला नाहीच. दुसरी शंका बाजारातल्या जागेची आहे. प्रत्येक जुन्या विक्रेत्याची जागा ठरलेली असते, मग नव्या माणसाने कुठे उभे राहावे?

उत्तर: बचतगटाची ताई (मूल, जि. चंद्रपूर)

दादा, आमच्या गटातील महिला नाश्त्याच्या दोन गाड्या चालवतात आणि त्यांची सगळी कागदपत्रे मीच केली, म्हणून याविषयी खात्रीने लिहू शकते.

फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा 2014 चा कायदा नागरी भागासाठी आहे. नगर विक्रेता समिती, सर्वेक्षण आणि विक्रेता प्रमाणपत्र ही व्यवस्था नगर परिषद किंवा नगर पंचायत असलेल्या ठिकाणी लागू होते, ग्रामपंचायतीच्या हद्दीत होत नाही. आपण विचारलेली फेरीवाल्यांची कर्ज योजना, म्हणजे जून 2020 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान स्वनिधी योजनाही त्याच पायावर उभी आहे. परंतु आसपासच्या खेड्यातला माणूस शहराच्या हद्दीत येऊन विक्री करत असेल, तर तेथील नागरी संस्थेचे शिफारसपत्र घेऊन तो अर्ज करू शकतो. आपण धरलेल्या दोन बाजारांपैकी एक राळेगावच्या नगर पंचायत हद्दीतला असेल तर तेथे चौकशी अवश्य करा. या योजनेतील पहिला हप्ता आधी 10,000 रुपयांचा होता, तो 2025 मध्ये 15,000 रुपये करण्यात आला. वेळेवर फेड केली की पुढचा मोठा हप्ता मिळतो आणि व्याजात सवलतही असते. ते जमले नाही तर मुद्रा योजनेतील शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते आणि त्याला खेडे-शहर असा भेद नाही. आमच्या महिलांनी मात्र उमेद अभियानातील (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील) बचतगटातूनच कर्ज घेतले, आणि आपल्या आई किंवा वहिनी गटात असतील तर मी तोच मार्ग सुचवीन. बँकेत खेटे कमी पडतात आणि हप्ता गटाच्या बैठकीत भरायचा असल्याने तो चुकत नाही. कर्ज कोणतेही घ्या, पण ते गाडी, भांडी आणि शेगडीपुरते घ्या. रोजच्या मालासाठी कर्ज काढू नका, तो माल कालच्या गल्ल्यातूनच आला पाहिजे.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 नुसार लहान खाद्यविक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी छायाचित्र आणि ओळखपत्र लागते, आणि नोंदणीचा क्रमांक गाडीवर दिसेल असा लावायचा असतो. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे, कारण छपाईची शाई गरम आणि तेलकट पदार्थात उतरते. आम्ही खाकी कागदाच्या पुड्या वापरतो. प्लेट म्हणून पळसाच्या पानांचे द्रोण घेतो. ते आमच्याच परिसरातील बाया लावून देतात, त्यामुळे तो पैसा गावातच राहतो. पातळ रस्सा द्रोणात फार वेळ टिकत नाही, म्हणून पोहे द्रोणात आणि जास्तीची तर्री स्टीलच्या वाटीत, अशी विभागणी केली आहे. गॅससाठी घरगुती 14.2 किलोचे सिलेंडर गाडीवर वापरणे नियमाबाहेर आहे. फाट्यावर 19 किलोचे व्यावसायिक सिलेंडर ठेवा आणि बाजाराला नेण्यासाठी 5 किलोचे लहान सिलेंडर मिळते ते घ्या.

जागेविषयी एक गोष्ट ध्यानात असू द्या. फाट्यावरचा रस्ता राज्य महामार्ग असेल तर त्याच्या कडेची जमीन सार्वजनिक बांधकाम विभागाची असते आणि ग्रामपंचायतीच्या ना-हरकत पत्राने तेथे हक्क निर्माण होत नाही. म्हणून टिनाचे शेड ठोकू नका, गाडी चाकांवरच ठेवा आणि रोज घरी न्या.

आणि घरच्या बाया गाडीवर उभ्या राहणार असतील, तर फाट्यावर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे पहिल्या दिवसाआधी पाहा. आमच्या भागात या एका कारणापायी कित्येक बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, उन्हाळ्यातही नाही. आम्ही शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटून तशी परवानगी मागितली आणि ती त्यांनी लगेच दिली. हा विषय कोणी हिशेबात धरत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

उत्तर: खारपाणपट्टा

ताईंच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो की क्यूआर कोड लावा, पण पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी त्याची आवाजाची पेटी सुरुवातीला भाड्याने घेऊ नका. खेड्यात नेटवर्क जाते, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा संदेश पाहून घेणे तेवढ्या विक्रीला पुरते.

उत्तर: आर्वी नाका

बाजारातल्या जागेचे सांगतो. ग्रामपंचायत बाजार वसुलीचा लिलाव करते आणि ठेकेदाराचा माणूस प्रत्येक दुकानाची पावती फाडतो. दर ग्रामपंचायतीने ठरवलेला असतो, तो कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्या आणि पैसे दिल्यावर पावती घ्यायला विसरू नका. पहिल्या एक-दोन बाजारांना गाडी न नेता नुसते जाऊन उभे राहा. माणसे कोणत्या बाजूने आत येतात, कोणत्या बाजूने परत निघतात आणि परतीच्या वाहनाची वाट पाहत कुठे थांबतात, एवढे पाहिले म्हणजे जागा आपोआप दिसते. जुन्या विक्रेत्यांच्या जागा बहुधा बाजाराच्या मधोमध असतात. नव्या नाश्त्याच्या गाडीला मधली जागा लागतच नाही, तिला निघण्याची वाट हवी. काळीपिवळी आणि ऑटो जेथे भरतात, तेथे माणूस अर्धा-अर्धा तास थांबतो, त्याच्या हातात पिशव्या असतात आणि सोबत लेकरू असते. बाजारात बैलांची खरेदी-विक्री होत असेल तर ती बाजूही पाहा, कारण सौदा झाल्यावर दोन्हीकडची माणसे एकत्र बसून खातात. मासळीच्या रांगेजवळ आणि कापडाच्या दुकानासमोर मात्र गाडी लावू नका. पहिल्या ठिकाणी माश्यांमुळे गिऱ्हाईक थांबत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी तेलाचे शिंतोडे व धूर यांवरून पहिल्याच दिवशी भांडण होते.

मोकळ्या मैदानात वारा आच उडवतो, गॅस जास्त जातो आणि भजी आतून कच्ची राहतात, म्हणून शेगडीच्या तीन बाजूंनी गुडघाभर उंचीचा पत्रा वाकवून घ्या. कोणताही वेल्डर तो तासाभरात करून देतो. सिलेंडर त्या पत्र्याच्या बाहेर राहील एवढी लांब नळी घ्या आणि रेतीची बादली जवळ ठेवा. आणि पहिल्या बाजाराला निघताना दहाच्या नोटा व नाणी मिळून हजार रुपयांचे सुटे पैसे सोबत न्या. मजुरी पाचशेच्या नोटांत मिळते, दुपारी दोन वाजता बाजारात कोणीच सुटे देत नाही, आणि तेवढ्यासाठी बोहणीचे गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते.